आकड्यांचे शिक्षण आणि घरचा प्रश्न

आपल्या डॉक्टरमंडळींच्या घरात मुलांच्या शिक्षणाचा निर्णय बहुधा मूल बोलू लागण्यापूर्वीच झालेला असतो. बारशाला आलेले पाहुणे पाळण्याकडे पाहून 'दवाखाना सांभाळणारा आला' असे म्हणतात आणि आपणही कौतुकाने हसतो. पुढे त्याच मुलाने अठराव्या वर्षी 'मला मेडिकल नको, गणित हवे' असे म्हटले की घरात सुतकी शांतता पसरते. गणिताची पदवी हाती आल्यावर ते 'परिमाणात्मक अर्थशास्त्र आणि व्यवस्थापन' या विषयात परदेशी जाऊन एम.एस्सी. करण्याची इच्छा व्यक्त करते, तेव्हा तर विषयाचे नाव नातेवाइकांना सांगतानाही आईवडिलांची तारांबळ उडते. 'म्हणजे एम.बी.ए. का?' 'म्हणजे बँकेत नोकरी का?' अशा प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तर नसते. स्मरणिकेच्या निमित्ताने या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण मात्र डॉक्टरांच्या घरातले नाही. ते गावातले आहे.

गोव्यात केरी नावाची गावे एकाहून अधिक आहेत. सत्तरीत एक, फोंड्यात एक आणि पेडणे तालुक्याच्या टोकाला, तेरेखोल नदीच्या मुखाशी वसलेले हे आमचे एक. माझ्याकडे बाळपणी लसीकरणासाठी येणारी येथील एक मुलगी संख्याशास्त्राची पदवीधर झाली आणि तिला युरोपातील एका विद्यापीठात याच विषयासाठी प्रवेश मिळाला. तिच्या वडिलांपाशी काजूची बाग आहे. कर्जासाठी ती तारण ठेवावी की नाही, हे विचारायला ते माझ्याकडे आले. त्यांचा प्रश्न मोजक्या शब्दांत होता : "डॉक्टर, बाग गहाण दवरूं येता. पूण हें शिकून येवन चेडूं हांगा करतलें कितें?"

किती पगार मिळेल, कोणता देश बरा, व्हिसा किती वर्षांचा, यांपैकी काहीही त्यांनी विचारले नाही. शिकून आल्यावर येथे काय करणार, एवढेच विचारले. सुशिक्षित पालक जे प्रश्न विचारतात, त्यांहून हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी काही अंशी आपणा डॉक्टरांचीही आहे, असे माझे मत आहे.

प्रथम हा अभ्यासक्रम आहे तरी काय, ते पाहू. साधारण दोन वर्षांच्या या शिक्षणात पहिल्या सत्रात गणित, संभाव्यता आणि आर्थिक सिद्धान्त यांचा पाया घालतात. त्यानंतर येते ती अर्थमिती. म्हणजे प्रत्यक्ष गोळा केलेल्या आकड्यांवरून कार्यकारणसंबंध शोधण्याचे शास्त्र. व्यवस्थापनाच्या भागात मर्यादित साधनांची वाटणी कशी करावी, रांग कशी कमी करावी, साठा किती ठेवावा, अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा, हे गणिताच्या साहाय्याने शिकवतात. शेवटी एक प्रबंध लिहावा लागतो. पॅरिस, बार्सिलोना, बिलेफेल्ड आणि व्हेनिस येथील विद्यापीठांनी एकत्र येऊन युरोपीय संघाच्या 'इरॅस्मस मुंडुस' योजनेखाली चालवलेला परिमाणात्मक अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम हे या प्रकारच्या शिक्षणाचे एक ठळक उदाहरण होय.

हे वाचून काही सहव्यवसायी म्हणतील, 'याचा आपल्या वैद्यकाशी काय संबंध?' त्यांना एका डॉक्टरी घराण्यातील मुलाची हकिकत सांगावीशी वाटते. सर लिओनार्ड हिल हे इंग्लंडमधील नामांकित शरीरक्रियाशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल वडिलांप्रमाणे वैद्यकाकडे वळणार होता. परंतु पहिल्या महायुद्धात वैमानिक म्हणून काम करीत असताना त्याला क्षयरोग जडला. दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग बंद झाला आणि त्याने पडल्या पडल्या अभ्यास करून लंडन विद्यापीठाची बहिःस्थ पदवी मिळवली, ती अर्थशास्त्राची. पुढे याच गृहस्थांनी स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीची आखणी केली. औषधाचा साठा अपुरा होता. तेव्हा कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेने ठरवलेल्या आणि बंद पाकिटांत ठेवलेल्या क्रमावर सोपवले. १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ दगावले. आज आपण रुग्णाला जे औषध विश्वासाने लिहून देतो, त्या विश्वासामागे अशा चाचण्यांची परंपरा आहे आणि तिच्या उगमाशी अर्थशास्त्राचा एक पदवीधर उभा आहे.

वैद्यकाला लाभलेली ही देणगी पुढे अर्थशास्त्राकडे परत गेली. २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे अभिजित बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा. त्यांच्या मातोश्री निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर आणि स्वतः अर्थतज्ज्ञ. बॅनर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याच्या खेड्यांत बालकांच्या लसीकरणाचा अभ्यास केला. काही गावांत नेहमीचीच व्यवस्था ठेवली, काही गावांत ठरल्या दिवशी न चुकता भरणारी शिबिरे घेतली आणि काही गावांत अशा शिबिरांसोबत प्रत्येक लशीमागे एक किलो डाळ व लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्यांचा संच दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण लसीकरणाचे प्रमाण अनुक्रमे ६, १८ आणि ३९ टक्के आले. डाळ दिल्यामुळे खर्च वाढला असेल, असे आपण म्हणू. प्रत्यक्षात शिबिरात परिचारिकेचा दिवस वाया न जाता अधिक मुले येऊ लागल्याने दर लसीकरणामागचा खर्च केवळ शिबिराच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आला. तीस वर्षे लसी टोचणाऱ्या माझ्यासारखीलाही हे केवळ अनुभवावरून सांगता आले नसते. त्यासाठी मोजणारा माणूस लागतो.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. हे शिकून येथे काय करावयाचे? आपल्याकडून अर्थशास्त्र शिकायला परदेशी गेलेल्यांची चरित्रे पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. ते जाताना घरचा प्रश्न बरोबर घेऊन गेले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ मध्ये एम.ए. झाले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतल्यावर शिष्यवृत्तीची मुदत संपली, म्हणून १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज, एवढ्या शिदोरीवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. कर्ज काढून मिळवलेल्या त्या पदवीचा विषय होता भारताचा रुपया. परकीय राजवटीने रुपयाचे मोल कसे ठरवले आणि त्याचा भार कोणावर पडला, हा प्रश्न त्यांनी राज्यकर्त्यांच्याच राजधानीत बसून सोडवला.

धनंजयराव गाडगीळ यांनी केंब्रिजला जाऊन भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावर प्रबंध लिहिला; तो १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आला. १९३० पासून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली आणि पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांना साथ दिली. आपल्या गोव्याच्या मातीत जन्मलेले दामोदर कोसंबी अर्थशास्त्राचे विद्यार्थी नव्हते. परंतु १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन परतल्यावर त्यांनी आपले गणित प्राचीन भारतीय नाण्यांच्या वजनांना लावले. चलनात फिरून नाणे किती झिजते, यावरून त्यांनी इतिहासाचा माग काढला. या सर्वांनी पद्धती बाहेरून आणली. प्रश्न मात्र घरचा होता.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला सर्वांत जवळचे वाटते ते डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे उदाहरण. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाले. १९५१ पासून सुमारे दोन दशके त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखपद भूषवले. जगात भुकेले किती, हे मोजणे हेच त्यांचे काम होते. इकडे वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरील आपल्या अभ्यासात माणशी दररोज २२५० उष्मांकांची कसोटी लावली. सुखात्मे यांचा आक्षेप असा की, एकाच माणसाची गरजही दिवसागणिक कमीअधिक होते आणि शरीर काही मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित ठरत नाही. दांडेकरांनी त्याला कसून उत्तर दिले. मराठी मातीतल्या दोन विद्वानांचा हा वाद वर्षानुवर्षे चालला.

वाद रूक्ष दिसतो, पण रेषा थोडी खाली सरकली की लक्षावधी माणसे कागदावर भुकेल्यांच्या यादीतून वगळली जातात. याच विचाराच्या ओघात 'लहानखुरे पण निरोगी' ही कल्पना पुढे आली. भारतीय मूल उंचीने कमी असले तरी ते ठीकच आहे, असा तिचा अर्थ. आपल्या व्यवसायाला ती मान्य करणे कठीण होते. १९९७ ते २००३ या काळात जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुस्थितीतील मुले मोजली आणि २००६ मध्ये नवे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. योग्य आहार, स्तनपान आणि स्वच्छ परिसर मिळाल्यास पहिल्या पाच वर्षांत सर्व देशांची मुले जवळपास सारखीच वाढतात, हे त्यातून दिसले. सुखात्मे यांच्या विद्वत्तेविषयी मला नितांत आदर आहे. परंतु आमच्या मुलांच्या उंचीबाबत त्यांच्या विचारातून निघालेला निष्कर्ष मला मान्य नाही. तरीही त्या वादातून एक धडा घेतलाच पाहिजे. आकडेतज्ज्ञाला मुलाचे वजन करणाऱ्या डॉक्टरची गरज असते आणि डॉक्टरला आकडेतज्ज्ञाची. दोघे एकमेकांपासून दूर राहिले की नुकसान मुलाचे होते.

हा इतिहास झाला. आजचा घरचा प्रश्नही तितकाच जिवंत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, गोव्यातील पाच वर्षांखालील २०.१ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हाच आकडा २५.८ टक्के झाला. दरडोई उत्पन्नात देशात अग्रेसर असलेल्या राज्यात दर चार मुलांमागे एक खुजे! हे खरे मानावे काय? या पाहणीत गोव्यातून दोन हजारांहूनही कमी कुटुंबे घेतलेली होती. त्यांतील लहान मुले काही शेकडाच असणार. समजा तीनशे मुले मोजली, तर २५ टक्क्यांच्या आकड्याला दोन्ही बाजूंनी सुमारे पाच टक्क्यांची सूट द्यावी लागते. मग ही वाढ वास्तवातील, की केवळ नमुन्याचा हेलकावा? शिवाय ते आकडे संपूर्ण राज्याचे आणि फार तर जिल्ह्याचे. पेडण्याचे मूल त्यात कोठे आहे, डिचोलीचे कोठे, हे त्यावरून कळत नाही.

याच काळात आमचा तालुका झपाट्याने बदलला. जानेवारी २०२३ मध्ये मोपा येथून विमाने उडू लागली. किनाऱ्यावर आणि पठारावर बांधकामे वाढली आणि बांधकामावरील मजुरांची मुले आमच्या दवाखान्यांत येऊ लागली. डिचोलीत २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ज्या घरांची मिळकत थांबली, त्या घरांतील मुलांच्या ताटात काय फरक पडला? या प्रश्नांवर मते सर्वांपाशी आहेत. मोजणी कोणापाशीही नाही. केरीच्या त्या वडिलांना मी हेच सांगितले. तुमची मुलगी जे शिकणार आहे, ते या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे शास्त्र आहे. येथे काम नाही असे नव्हे. ते काम आहे हे अद्याप कोणी ओळखलेले नाही.

अर्थात एवढ्यावरून कोणीही डोळे मिटून बाग तारण ठेवावी, असे मी म्हणणार नाही. रुग्णाला शस्त्रक्रिया सुचवताना आपण धोकेही सांगतो. तेथेही तोच न्याय असावा. पहिली गोष्ट म्हणजे पदवीच्या नावाला भुलू नये, विषयांची यादी वाचावी. नावात 'व्यवस्थापन' आहे, पण अर्थमितीचा एकच पेपर आणि बाकी सारे सादरीकरणाचे तास, असे महागडे अभ्यासक्रमही बाजारात आहेत. दुसरी गोष्ट खर्चाची. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते. मात्र व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम आधी बँकेत दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो करण्यात आली. इरॅस्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२१-२७ च्या योजनेत दरमहा १,४०० युरो मिळतात. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची चौकशी तर प्रत्येक पालकाने तारणाच्या कागदावर सही करण्यापूर्वी करावी. तिसरी गोष्ट खास गोव्याची. शुल्कात सवलत मिळावी म्हणून पोर्तुगीज नागरिकत्व घेण्याची चर्चा अनेक घरांत होते. ते स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते, हे विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे. केवळ दोन वर्षांच्या फीसाठी असा निर्णय घाईने घेऊ नये.

'शिकलेली मुले परत येत नाहीत' हा आक्षेप मला ठाऊक आहे. माझ्या मते परत येण्याची सक्ती हे त्यावरचे उत्तर नव्हे. सुखात्मे वर्षानुवर्षे रोममध्ये राहूनही आपल्या देशाच्या भुकेवर काम करीत राहिले. उलट गावातच राहून गावाविषयी एकही प्रश्न न पडलेली माणसे आपण रोज पाहतो. मनात घरचा प्रश्न असेल तर अंतराने फारसे बिघडत नाही. तो नसेल तर मात्र त्या शिक्षणातून निपजतो तो कोठल्या तरी कंपनीचा नफा मोजणारा एक हुशार कारकून. त्यातही गैर काही नाही. पण बाग तारण ठेवण्याइतके मोल त्याला आहे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आणि हा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती देण्याचे काम आपले आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या कपाटात शेकडो मुलांच्या उंची-वजनाच्या नोंदी पडून आहेत. दीड वर्षाच्या बूस्टरला मूल येते, पाचव्या वर्षी पुन्हा येते. आपण वजन करतो, कार्डावर लिहितो आणि विसरतो. माझी आपल्या मंडळाला नम्र सूचना अशी की, पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील सदस्यांनी एकच साधा तक्ता ठरवून घ्यावा : जन्मतारीख, तपासणीची तारीख, लिंग, जन्माच्या वेळचे वजन, उंची, वजन, गाव आणि वडिलांचा व आईचा व्यवसाय. गावापुढे तालुका अवश्य लिहावा. नाहीतर तीन केऱ्यांची मुले एकाच खात्यात जमा होतील! मुलाचे नाव तक्त्यात नसावे. पालकांची लेखी संमती घ्यावी, नीतिविषयक समितीची परवानगी मिळवावी आणि २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचे भान ठेवावे. दोन वर्षांत दोन तालुक्यांची जी नोंद उभी राहील, ती आज कोठेही उपलब्ध नाही.

मग दरवर्षी या भागातून अर्थशास्त्र, संख्याशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकायला बाहेर जाणाऱ्या एका विद्यार्थ्याला मंडळाने निरोपाचा नारळ आणि शाल देण्याऐवजी ही नोंद प्रबंधासाठी द्यावी. आपल्यापैकी एका डॉक्टरने त्याचा सल्लागार म्हणून काम करावे, आकड्यांमागचे मूल त्याला समजावून सांगावे आणि प्रबंध पुरा झाल्यावर त्याचे मराठीतील सार याच स्मरणिकेत छापावे. खर्च फारसा नाही. लागेल ती वजनकाट्याची नियमित पारख, उंची मोजण्याची भिंतीवरची पट्टी आणि दर मुलामागे आपल्या वेळेतील दोन मिनिटे. येत्या सर्वसाधारण सभेत या सूचनेवर विचार व्हावा आणि पटल्यास येत्या जूनपासून नोंदींना आरंभ करावा, ही विनंती.